लहान होडीचा डेक आणि ट्रान्सम नव्याने बांधताना फायबरचे साहित्य कसे निवडावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे डोळ्यांसमोर ठेवलेली होडी म्हणजे कोकण किनाऱ्यावर मासेमारीसाठी आणि पर्यटकांच्या फेऱ्यांसाठी सर्रास दिसणारी, १६ ते २२ फूट लांबीची, मागे आउटबोर्ड इंजिन टांगलेली फायबरची होडी. ट्रान्सम म्हणजे ज्या उभ्या पाठीवर हे इंजिन बसते ती भिंत. बाहेरून आणि आतून फायबर आणि मध्ये लाकूड, अशी तिची रचना असते. डेकही पुष्कळदा असाच, मध्ये गाभा घातलेला असतो. या दोन्ही भागांच्या दुरुस्तीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानांवर येतात, त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

ट्रान्सम बदलायलाच हवा की नुसता वरून थर देऊन भागेल, हे कसे ओळखावे?

स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन संपूर्ण ट्रान्सम इंचाइंचाने ठोकून पाहावा. लाकूड घट्ट चिकटलेले असेल तेथे टणक आवाज येतो. कुजलेले किंवा सुटलेले असेल तेथे बद्द आवाज येतो. अशा जागांभोवती खडूने रेघ मारत गेले की दुखण्याचा नकाशाच तयार होतो. त्यानंतर इंजिन वर उचलून त्याच्या पायावर हाताने जोर द्यावा आणि ट्रान्समच्या वरच्या कडेकडे पाहावे. ती कड इंजिनाबरोबर हलत असेल तर फारशी चर्चा उरत नाही.

खात्री हवी असेल तर आतल्या बाजूने, तळाशी, पाणी सोडण्याच्या बुचाजवळ ६ मिलिमीटरचे भोक पाडावे. मात्र ड्रिल बाहेरच्या फायबरला लागण्याआधी थांबवावे. कोरडा, फिकट भुसा आला तर लाकूड धड आहे. पण चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला लगदा ड्रिलच्या पात्याला चिकटून आला आणि त्याला आंबूस वास असला, तर वरून कितीही थर चढवले तरी आतली कूज थांबणार नाही. भोकातून इपॉक्सी हे रेझिन (हार्डनर घातल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) टोचून कुजके लाकूड ‘जिवंत’ करण्याचा उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. ओल्या लाकडात रेझिन मुरत नाही, त्यामुळे इंजिनाचा भार घेणाऱ्या भागासाठी हा उपाय मला मान्य नाही.

सुरुवात कशापासून करावी? आधी लाकूड आणावे, कापड आणावे की रेझिन?

आधी रेझिन ठरवावे. बहुतेक लोक याच्या उलट करतात; दुकानात स्वस्त मिळाली म्हणून काचेच्या धाग्यांच्या मॅटची गुंडाळी आणतात, सुताराकडे उरलेला प्लाय उचलतात आणि शेवटी रेझिनच्या डब्यापाशी येऊन अडतात. कोणती मॅट चालेल, लाकडावर पहिला हात कशाचा द्यायचा, वरून रंग कोणता बसेल, इतकेच नव्हे तर काम कोणत्या महिन्यात करायचे, हे सगळे रेझिनवर अवलंबून असते.

पॉलिस्टर, व्हिनाइल एस्टर आणि इपॉक्सी यांपैकी कोणते रेझिन घ्यावे?

आपल्याकडच्या बहुतेक होड्या पॉलिस्टर रेझिनच्या असतात. त्यातही दोन जाती आहेत. दुकानात ‘जनरल पर्पज’ म्हणून मिळते ते ऑर्थोफ्थॅलिक रेझिन. पत्रे, खुर्च्या, पुतळे यांसाठी ते ठीक आहे. आयसोफ्थॅलिक, म्हणजे बोलीभाषेत ‘आयसो’, हे त्याहून थोडे महाग पडते, पण पाण्यात टिकण्याच्या बाबतीत कितीतरी सरस ठरते. साच्यात नवी होडी घडवत असाल तर आयसो पुरेसे आहे.

दुरुस्तीचे गणित मात्र वेगळे असते. नव्या होडीत सगळे थर एकामागून एक ओले असतानाच पडतात आणि रासायनिकदृष्ट्या एकजीव होतात. दुरुस्तीत आपण दहा-पंधरा वर्षांपूर्वी पूर्ण वाळलेल्या फायबरवर नवा थर चिकटवत असतो. तेथे सारा भरवसा चिकटण्यावर असतो. पॉलिस्टर हे मुळात साच्यात भरण्याचे रेझिन आहे, गोंद म्हणून ते दुबळे आहे, आणि लाकडाशी त्याचे नाते तर जेमतेमच आहे. इपॉक्सी मात्र जुन्या फायबरला आणि लाकडाला घट्ट धरते आणि वाळताना फार कमी आकसते. व्हिनाइल एस्टर या दोघांच्या मधले आहे: पॉलिस्टरसारखेच हार्डनर घालून वापरता येते, पाण्याला चांगले तोंड देते आणि जुन्या फायबरवर पॉलिस्टरपेक्षा चांगले बसते.

माझे मत विचाराल तर, ट्रान्समसाठी खिशाला परवडत असेल तर इपॉक्सी घ्यावे, कारण तेथे लाकूड आणि जुने फायबर या दोन्हींना धरायचे असते आणि त्यावर २५ ते ४० अश्वशक्तीचे इंजिन सतत हिसके देत असते. मोठ्या डेकसाठी व्हिनाइल एस्टर किंवा आयसो वापरले तर बिघडत नाही. डेकचे क्षेत्रफळ मोठे असल्याने पैशांचा फरकही तेथेच जाणवतो. जनरल पर्पज रेझिन मात्र दोन्हीकडे टाळावे.

एकाच होडीत दोन्ही रेझिने वापरली तर चालते का?

चालते, पण क्रम उलटा होता कामा नये. वाळलेल्या पॉलिस्टरवर, ते खरबरीत घासून घेतल्यावर, इपॉक्सी उत्तम बसते. वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टरचा थर मात्र भरवशाचा नसतो. हा धडा मी स्वतः पैसे मोजून घेतला आहे. एका होडीचा ट्रान्सम इपॉक्सीत बांधून, वरून होडीच्या रंगाशी जुळावा म्हणून मी नेहमीचा पॉलिस्टर जेलकोट, म्हणजे होडीला बाहेरून असतो तो रंगीत रेझिनचा थर, फासला. दिसायला काम सुरेख झाले. पुढच्या हंगामात बुचाजवळ एक फोड आला. नखाने उचलला तर तळहाताएवढा जेलकोट भाजलेल्या पापडासारखा अख्खा हातात आला आणि खाली इपॉक्सी तशीच चकचकीत होती. आता मी इपॉक्सीवर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेन रंग एवढेच देतो.

इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट, तुळतुळीत साय येते. दमट हवेत ती हमखास येते. घासण्याआधी ती साध्या पाण्याने आणि भांडी घासण्याच्या हिरव्या घासणीने धुऊन काढावी. ती न धुता सँडपेपर फिरवला तर ती निघत नाही, उलट सगळीकडे पसरते.

मॅट, रोव्हिंग आणि बायअॅक्सियल यांत नेमका काय फरक आहे, आणि कोठे काय वापरावे?

चॉप्ड स्ट्रँड मॅट म्हणजे काचेचे बोटभर लांबीचे तुटक धागे सर्व दिशांना पसरून एका बाइंडरने, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रव्याने, धरून ठेवलेली चादर. ३००, ४५० आणि ६०० जीएसएम या तिच्या नेहमीच्या जाती आहेत. हा आकडा म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. ती जाडी भरून काढते, कोपऱ्यांत बसते आणि दोन थरांमध्ये चिकटण्याचे काम करते. स्वतःची ताकद तिच्यात फारशी नसते. विणलेले रोव्हिंग म्हणजे जाड दोऱ्यांची चटईसारखी वीण; ताकद तेथे असते, पण दोन रोव्हिंग थेट एकमेकांवर टाकले तर मधल्या खळग्यांत नुसते रेझिन साचते आणि थर सुटण्याची भीती राहते. म्हणूनच पॉलिस्टरच्या कामात मॅट, रोव्हिंग, मॅट, रोव्हिंग असा क्रम चालत आला आहे.

बायअॅक्सियल कापडात धागे विणलेले नसून दोन तिरप्या दिशांना सरळ ठेवून शिवलेले असतात. धागा वरखाली वळत नसल्यामुळे तो ताण थेट घेतो, आणि ४५ अंशांच्या कलामुळे ट्रान्सम आणि बाजूची भिंत जेथे मिळतात त्या कोपऱ्यात दोन्ही दिशांचे धागे कामाला लागतात. कोपऱ्यासाठी याहून चांगले कापड नाही.

इपॉक्सी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. साध्या मॅटमधला बाइंडर पॉलिस्टर आणि व्हिनाइल एस्टरमधल्या स्टायरीन या उग्र वासाच्या द्रावकात विरघळण्यासाठी बनवलेला असतो. इपॉक्सीत स्टायरीन नसते. त्यामुळे बाइंडर विरघळत नाही, मॅट कडक राहते, कोपऱ्यात बसत नाही आणि पांढुरके चट्टे राहतात. इपॉक्सीबरोबर बायअॅक्सियल किंवा शिवलेलीच मॅट घ्यावी.

घेताना ‘ई-ग्लास’ (फायबरच्या कामातली काचधाग्यांची नेहमीची जात) आहे का, हे विचारून घ्यावे. गुंडाळी उलगडून उजेडासमोर धरावी. मॅट सगळीकडे सारखी दाट दिसली पाहिजे. ओल लागलेली मॅट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कारण ओली काच रेझिन पीत नाही. आणि काम करताना मॅटच्या कडा कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडाव्यात. फाटलेली कड झिरझिरीत असते, ती शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. कापलेली कड मात्र उंचवटा म्हणून उठून दिसते.

ट्रान्सममध्ये कोणते लाकूड घालावे? साग चालणार नाही का?

सागाबद्दलचा आदर समजण्यासारखा आहे. आपल्या लाकडी होड्या त्यावरच तरल्या. पण फायबरच्या आत बंद करण्यासाठी साग योग्य नाही. तो तेलकट असल्याने रेझिन त्याला नीट धरत नाही, आणि रुंद सलग फळी हवेतल्या दमटपणाने फुगते-आकसते, त्यामुळे वरचे फायबर तडकते. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असल्याने ही हालचाल फार कमी होते.

प्लाय घेताना भारतीय मानक आयएस ७१० चा शिक्का पाहावा. मरीन प्लायचे हे मानक असून त्यात चिकटवणीची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात घेतली जाते. आयएस ३०३ हा घरगुती फर्निचरचा प्लाय आहे, तो येथे वापरू नये. केवळ शिक्क्यावर विसंबूनही राहू नये. ‘मरीन’ हा शब्द आता स्वयंपाकघराच्या कपाटांच्या जाहिरातींतही सरसकट वापरला जातो. शीटची कापलेली कड चारही बाजूंनी पाहावी. मधल्या थरांत पोकळ्या किंवा तुकडे एकमेकांवर चढलेले दिसले तर ती शीट परत करावी. बंद ट्रान्सममध्ये पोकळी म्हणजे पाण्याची टाकीच.

एकच जाड शीट घेण्यापेक्षा दोन शीट एकमेकांना चिकटवाव्यात. त्यामुळे ट्रान्समला बाक असेल तर तो घेता येतो आणि एका शीटमधली पोकळी दुसऱ्या शीटने झाकली जाते. तुकडे कापल्यावर सर्व बाजूंनी, विशेषतः कडांना, पातळ रेझिनचा हात द्यावा. कडा तहानलेल्या जमिनीसारख्या रेझिन पितात. पहिला हात सुकल्यासारखा दिसला की लगेच दुसरा द्यावा.

परदेशात काचतंतू घातलेले घट्ट पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड ट्रान्सममध्ये वापरतात. ते कुजत नाहीत, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. अमेरिका, ब्रिटन किंवा आखाती देशांत राहणाऱ्या वाचकांना ते सहज मिळत असतील तर जरूर विचार करावा. आपल्याकडे चांगला प्लाय नीट बंद केला तर तो पुष्कळ वर्षे टिकतो.

ट्रान्समची जाडी किती असावी?

आधी इंजिनाचे क्लँप मोजावेत, मग जाडी ठरवावी. लहान आउटबोर्डसाठी साधारण ४० ते ४५ मिलिमीटर जाडी सोयीची पडते. उदाहरणार्थ, बाहेरचे जुने फायबर ५ मिलिमीटर, त्यावर प्लाय बसवण्यासाठी ४५० च्या ओल्या मॅटचा एक थर म्हणजे १ मिलिमीटर, १८ आणि १२ मिलिमीटरचे दोन प्लाय आणि आतली नवी कातडी साडेचार मिलिमीटर, असे मिळून सुमारे ४१ मिलिमीटर होतात. उंचीही त्याच वेळी तपासावी: शॉर्ट शाफ्ट इंजिनाला १५ इंच आणि लाँग शाफ्टला २० इंच उंचीचा ट्रान्सम लागतो. जुना ट्रान्सम कापण्याआधी त्याचा कल पत्र्यावर किंवा पुठ्ठ्यावर उतरवून ठेवावा. एकदा तो कापून फेकला की तो कल अंदाजाने मिळवणे फार अवघड जाते.

डेकच्या मध्ये गाभा कशाला हवा? सरळ जाड फायबर का टाकू नये?

कारण डेकला ताठपणा हवा असतो, आणि ताठपणा जाडीतून येतो. ५ मिलिमीटरची सलग फायबरची पट्टी कल्पावी. तेवढेच फायबर दोन भागांत वाटून मध्ये हलका गाभा घातला आणि एकूण जाडी १० मिलिमीटर केली, तर ताठपणा सुमारे सातपट होतो; एकूण जाडी २० मिलिमीटर केली तर तो सुमारे ३७ पट होतो, आणि वजन वाढते ते केवळ गाभ्याचे. सलग फायबरने हाच परिणाम साधायचा तर होडी पाण्यात ढकलायला गावच बोलवावे लागेल.

गाभ्यासाठी पीव्हीसी फोम ही माझी पहिली पसंती आहे. त्याचे कप्पे बंद असतात, त्यामुळे एखाद्या भोकातून पाणी शिरले तरी ते दूरवर पसरत नाही. लहान होडीच्या डेकसाठी एका घनमीटरला ८० किलो घनतेचा, १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा फोम पुरतो. उभ्या रेषांचा बाल्सा हा लाकडी गाभा अतिशय ताठ आणि हलका असतो, पण एकदा पाणी शिरले की तो दलदलीसारखा होतो. प्लाय जड पडतो. मात्र स्वस्त आहे, कोठेही मिळतो आणि नांगराचा दोर बांधायच्या खुंटीखाली तोच योग्य ठरतो. डेक फोमचा असला तरी खुंटी, कडी, रेलिंग यांच्या जागी फोम काढून प्लायचे तुकडे बसवावेत, नाहीतर बोल्ट आवळताना फोम चेपला जातो.

थर्माकोलबद्दल दरवर्षी कोणीतरी विचारतो. पॉलिस्टर रेझिनमधले स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकते. डोळ्यांदेखत खड्डा पडतो. इपॉक्सीने तो विरघळत नाही, पण डेकवर चालणाऱ्या माणसाचा भार घेण्याइतकी ताकद त्याच्यात नसते.

प्रत्यक्षात साहित्य किती लागते?

ट्रान्सम १.४ मीटर रुंद आणि ०.५५ मीटर उंच आहे असे धरू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.७७ चौरस मीटर होते. आतले थर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणि तळावर सरासरी १५ सेंटीमीटर चढवायचे असतात. हा भाग धरला की सुमारे १.१५ चौरस मीटर होतात. पॉलिस्टर किंवा व्हिनाइल एस्टरमध्ये आतल्या कातडीसाठी ४५० ची मॅट तीन थर आणि मध्ये ६०० चे रोव्हिंग दोन थर घेतले, तर आतल्या मॅटचे वजन दीड किलो, प्लाय बसवण्याच्या मॅटचे ३५० ग्रॅम, असे मिळून मॅट सुमारे १.९ किलो लागते. रोव्हिंग सुमारे १.४ किलो लागते.

हाताने काम करताना मॅट आपल्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन पिते, रोव्हिंग साधारण स्वतःच्या वजनाइतके किंवा थोडे जास्त. म्हणजे थरांसाठीच ६ किलो रेझिन झाले. प्लाय एकमेकांना चिकटवणे, त्याच्या कडा बंद करणे, कोपऱ्यातली पुट्टी आणि वाया जाणारा भाग धरून १० किलो आणावे. इपॉक्सीत काम करत असाल तर ६०० च्या बायअॅक्सियलचे चार थर पुरेत आणि त्याला कापडाच्या वजनाइतके रेझिन धरावे.

डेकसाठी खालून ३०० आणि ४५० ची मॅट, मध्ये १२ मिलिमीटर गाभा आणि वरून ४५० ची मॅट, ६०० चे रोव्हिंग आणि शेवटी ३०० ची मॅट, अशी रचना मी करतो. खाली दर ४० ते ४५ सेंटीमीटरवर आधार असेल तर त्यावर उड्या मारल्या तरी डेक दबत नाही.

जुन्या फायबरला जोड देताना कड तिरपी घासावी लागते. या उताराचे प्रमाण १ ला १२ असावे. ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर रुंद उतार. घाईत बहुतेक जण हा उतार दोन बोटांवर आटोपतात, आणि पुढे तडा नेमका तेथेच जातो.

कोबाल्ट आणि हार्डनर यांचे प्रमाण काय? त्यात धोका कोणता?

प्रथम शब्दांचा घोळ. पॉलिस्टरच्या दुकानात ‘हार्डनर’ म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड) हा रेझिन घट्ट करणारा कॅटलिस्ट; इपॉक्सीचा हार्डनर ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. पॉलिस्टरसाठी जांभळट रंगाचे कोबाल्ट हे अॅक्सिलरेटर, म्हणजे वेग वाढवणारे द्रावणही लागते. काही रेझिनांत ते कारखान्यातच घातलेले असते, काहींत आपल्याला घालावे लागते. रेझिन घेतानाच हे विचारून घ्यावे.

कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. दोन्ही एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, त्यानंतर एमईकेपी घालून पुन्हा ढवळावे. दोन्हींना एकच मापाचा चमचा वापरू नये आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवू नयेत. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नये आणि डोळ्यात गेलेच तर किमान १५ मिनिटे पाण्याने धुऊन तडक डॉक्टरांकडे जावे.

कोबाल्ट वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळत असल्याने त्याचे प्रमाण डब्यावर पाहूनच घ्यावे. एमईकेपी १ ते २ टक्के लागते; कोकणातल्या मे महिन्यात १ टक्का पुरते. त्याहून बरेच कमी केले तर रेझिन वरवर घट्ट होते, पण आतून कच्चे राहते. रोज काम सुरू करण्यापूर्वी कागदी पेल्यात १०० ग्रॅम रेझिनची चाचणी घ्यावी आणि जेली व्हायला किती मिनिटे लागतात ते पाहावे. एका दुकानातून मी आणलेल्या डब्यावर नवी तारीख चिकटवलेली होती. चाचणी न घेता डेकवर पसरलेले ते रेझिन घट्टच झाले नाही, आणि ते खरवडण्यात तीन दिवस गेले. पॉलिस्टर रेझिन थंड जागीही काही महिनेच टिकते, उन्हात ठेवलेल्या डब्यात त्याहून कमी.

इपॉक्सीत मात्र हार्डनर कमी-जास्त करून वेग बदलता येत नाही. प्रमाण चुकले की ते कायमचे मऊ राहते. उन्हाळ्यासाठी मंद हार्डनर घ्यावा आणि मिश्रण खोल डब्यात न ठेवता पसरट परातीत ओतावे. ढीग असला की ते स्वतःच्याच उष्णतेने पेट घेतल्यासारखे धुमसते.

स्टायरीनच्या वाफा सुमारे ३१ अंश सेल्सियसलाच पेटण्याजोग्या होतात, म्हणजे कोकणात उन्हाळ्याच्या कोणत्याही दुपारी. शेडमध्ये विडी-सिगारेट बंद. सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क घ्यावा. साधा कापडी मास्क फायबर घासतानाच्या धुळीलाही पुरत नाही. अॅसिटोनने हात धुण्याची सवय सोडावी.

मासेमारी बंदीच्या काळातच होडी वर असते. तेव्हा हे काम करता येईल का?

ही खरी अडचण आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि नेमका हाच काळ फायबरच्या कामाला सर्वांत प्रतिकूल असतो. दमट हवेत प्लाय ओल धरतो, मॅट ओलसर होते, पॉलिस्टर नीट वाळत नाही आणि इपॉक्सीवर साय येते.

जमल्यास एप्रिल-मेमध्ये पंधरवडा काढून तोडण्याचे आणि बांधण्याचे काम उरकावे, आणि पावसाळ्यात रंग, वायरिंग, इंजिनाची देखभाल करावी. ते शक्य नसेल तर निदान प्लाय एप्रिलमध्ये आणून, कापून, सर्व बाजूंनी रेझिनने बंद करून ठेवावा. तेव्हा कोरडा असलेला प्लाय जुलैमध्येही कोरडाच राहतो. होडीवर ताडपत्रीची शेड दोन्ही टोकांना उघडी ठेवून बांधावी, रेझिन उघडण्याआधी आत हॅलोजनचा दिवा लावून पृष्ठभाग किंचित कोमट करावा, मग दिवा बंद करावा आणि सकाळी अकरा ते दुपारी तीन-चार या वेळेतच थर टाकावेत. हात फिरवून दमट वाटणाऱ्या पृष्ठभागावर रेझिन लावू नये.

कोपऱ्यांत आणि खड्ड्यांत कोणती पुट्टी भरावी?

गाड्यांच्या गॅरेजमधली पुट्टी नको. तिच्यातली टाल्क पाणी ओढून घेते. जे रेझिन वापरत असाल त्यातच एरोसिल (रेझिन दाट करणारी अतिशय बारीक सिलिका भुकटी) आणि थोडे चिरलेले काचेचे धागे घालून लोण्यासारखी पुट्टी करावी. ट्रान्सम आणि तळ यांच्या कोपऱ्यात ती भरून चमच्याच्या पाठीने २० ते २५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी, म्हणजे वरचे कापड पोकळी न राहता वळते. काचेच्या पोकळ कणांची हलकी पुट्टी घासायला सोपी असते, पण ती केवळ वरवरच्या सफाईसाठी आहे.

काचेऐवजी कार्बन किंवा केव्हलारच्या धाग्यांचे कापड वापरले तर ट्रान्सम अधिक मजबूत होईल का?

या आकाराच्या होडीत तो पैशांचा अपव्यय आहे.

वरचा शेवटचा थर कोणता द्यावा? डेक घसरडा होऊ नये म्हणून काय करावे?

पॉलिस्टर किंवा व्हिनाइल एस्टरवर जेलकोट देता येतो. मात्र हवेच्या संपर्कात तो चिकट राहतो, म्हणून त्यात मेणाचे द्रावण घातलेला टॉपकोट वापरावा. मेण वर तरंगून हवा अडवते. रंग पांढरा किंवा फिकट घ्यावा. गडद डेक उन्हात इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही.

घसरणे टाळण्यासाठी ओल्या टॉपकोटवर चाळलेली सिलिका वाळू भुरभुरवून, वाळल्यावर जास्तीची झाडून, वर पातळ हात द्यावा. समोरच्या किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून ती वापरू नये. तिच्यातले मीठ थराखाली पाणी ओढते आणि फोड येतात.

बोल्टच्या भोकांतून पाणी पुन्हा आत जाऊ नये म्हणून काय करावे?

जुन्या ट्रान्समच्या कुजण्याचे कारण बहुतेक वेळा तेथेच सापडते. फायबर कुजत नाही; पाणी शिरते ते इंजिनाच्या बोल्टमधून, बुचाच्या भोकातून, शिडीच्या स्क्रूमधून आणि फायबरने न झाकलेल्या वरच्या कडेतून. १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी १८ मिलिमीटरचे भोक पाडावे, ते घट्ट इपॉक्सी पुट्टीने पूर्ण भरावे आणि वाळल्यावर त्याच्या मध्यातून १२ मिलिमीटरचे भोक पाडावे. आता बोल्टभोवती लाकूड नसून इपॉक्सीची नळी असते. सील कधी सुटलेच तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. बुचाच्या भोकाला हेच करावे. ते सर्वांत खाली असते आणि सर्वांत जास्त वेळ ओले असते.

बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि आतून रुंद वॉशर किंवा पट्टी द्यावी. सीलसाठी मरीन पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट वापरावे. न्हाणीघरातले सिलिकॉन तेथे टिकत नाही, आणि त्याचा अंश मागे राहिला तर पुढे रंगही बसत नाही.

काम झाल्यावर इंजिन किती दिवसांनी टांगावे?

उन्हाळ्यात आठवडाभर थांबावे, दमट हवेत दोन आठवडे. हाताला कडक लागणे म्हणजे पूर्ण वाळणे नव्हे. इंजिन टांगल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्या कमी वेगाने माराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर बोल्ट तपासावेत; सील दबून बसल्यामुळे ते थोडे सैल होतात. त्या वेळी ट्रान्समच्या आतल्या बाजूने, बोल्टच्या खाली, कोरडा पांढरा कागद चिकटपट्टीने लावून ठेवावा. किनाऱ्यावर आल्यावर त्यावर ओलाव्याचा डाग दिसला, तर तोच बोल्ट काढून पुन्हा सील करावा.